हादग्याच्या अंगाखांद्यावर: कुंभकोणमचे पानमळे

कुंभकोणमला लोक देव पाहायला जातात. शहरात आणि आसपास इतकी देवळे आहेत की एका मुक्कामात ती पुरी होत नाहीत. उरलेला वेळ पितळी डबऱ्यातल्या 'डिग्री कॉफी'त, तांब्या-पितळेच्या दुकानांत आणि तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांत जातो. मात्र सकाळी बाजारात गेलात, तर केळीच्या पानात गुंडाळलेल्या हिरव्या गड्ड्या घेऊन सायकलवरून येणारी माणसे दिसतील. त्या गड्ड्यांत विड्याची पाने असतात. 'कुंभकोणम वेट्रिलै' हे नाव तामिळनाडूत आपल्याकडच्या नागपूरच्या संत्र्यासारखे चालते. गावाचे नाव घेतले की वस्तू डोळ्यांपुढे येते. २०२५ साली या पानाला भौगोलिक मानांकनही मिळाले. मला हे पान जिथे उगवते तिथे जायचे होते.

पान कोवळे, पातळ, किंचित पिवळसर हिरवे असते. तोंडात टाकले की चावावे लागत नाही, विरघळते असे इथले लोक म्हणतात. विरघळणे ही अतिशयोक्ती झाली, पण चोथा फारसा राहत नाही हे खरे. तिखटपणाही बेताचा. तामिळमध्ये त्याला 'वेट्रिलै' म्हणतात. 'इलै' म्हणजे पान आणि 'वेट्रु' म्हणजे नुसते, रिकामे. ज्या वेलीला माणसाच्या उपयोगाचे फूल नाही, फळ नाही, नुसते पानच आहे, ती वेट्रिलै! मल्याळममध्ये त्याचेच 'वेट्टिल' झाले, पोर्तुगीजांनी ते उचलले आणि पुढे इंग्रजांचे 'बीटल' झाले. आपण मराठीत नागवेल म्हणतो. कूळ मिरीचे, त्यामुळे पान चावल्यावर जिभेला जो चटका बसतो त्याचे नवल वाटायला नको.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये कुंभकोणम वसले आहे. तंजावर इथून साधारण ४० किलोमीटर. तंजावरच्या रस्त्याला लागले की दारासुरम, स्वामीमलै, पापनाशम, अय्यमपेट्टै अशी गावे ओळीने येतात. दोन्ही बाजूंना भात, केळी, मधूनच नारळ. या हिरव्या पसाऱ्यात एखादा तुकडा वेगळा दिसतो. तो अंधारलेला, उंच, दाट, बाहेरून भिंतीसारखा असतो. तोच 'कोडिक्काल', म्हणजे पानमळा. 'कोडि' म्हणजे वेल आणि 'काल' म्हणजे पाय किंवा खांब. पानवेलीची शेती करणाऱ्या एका जमातीचे नावच कोडिक्काल वेळ्ळाळर आहे. आपल्याकडे बारी समाजाचे पानवेलीशी जे नाते आहे तसेच.

पापनाशमच्या अलीकडे अशाच एका मळ्यात मला जायला मिळाले. मालक सत्तरीच्या आसपासचे. त्यांना मी इथल्या रीतीने 'ऐया' म्हणत होते. दुभाषाचे काम त्यांची नात करत होती. ती कृषी महाविद्यालयात शिकते आणि मला 'अक्का' म्हणत होती. तामिळ आणि मराठीतला हा शब्द एकच निघाल्यामुळे आमची ओळख लवकर झाली. मळ्याच्या तोंडाशी ऐयांनी आधी माझ्या पायांकडे पाहिले. मी चपला काढल्या. आपल्याकडेही पानमळ्यात चपला घालून जात नाहीत. त्याला सोवळ्याचे कारण देतात, पण नातीचे म्हणणे असे की चपलांच्या तळव्याला लागून एका मळ्याचा रोग दुसऱ्या मळ्यात जातो. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असायला काही हरकत नाही.

आत शिरताच उन्हाचा ताप एकदम कमी झाला. पायाखाली गार, ओली माती. सुमारे दोन मीटर रुंदीचे लांबच लांब वाफे आणि दोन वाफ्यांच्या मधून गुडघाभर खोल चर. चरात पाणी उभे. वाफ्यांवर दोन ओळींत सडसडीत झाडे, आणि प्रत्येक झाडाला वेल बिलगलेली. झाड पाहून मी थबकले. तो हादगा होता! आपल्या भोंडल्यातला, भाजीच्या फुलांचा हादगा. तामिळमध्ये त्याला 'अगत्ति' म्हणतात. त्याचा पाला एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला खातात आणि गाईला घालणे पुण्याचे मानतात. कुंभकोणमच्या पानवेलीला आधार देण्याचे कामही तोच करतो.

वेलीच्या आधी दोन-तीन महिने वाफ्यावर हादग्याचे बी पेरतात. झाड झपाट्याने वाढते. त्याची पाने बारीक, त्यामुळे सावली पडते पण काळोख होत नाही. वेलीला नेमके हेच हवे असते. शिवाय हादगा शेंगवर्गीय, म्हणजे मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारा. झाड चार मीटरच्या आसपास गेले की शेंडा छाटतात. छाटलेला पाला गुरांना आणि घरातल्या भाजीला. वाळलेला बांबू रोवला असता तर यातले काहीच मिळाले नसते.

ऐयांचा जुना मळा आता उरलेला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या ईशान्य मोसमी पावसात तो गेला. कावेरीच्या या मुलखात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. त्या वर्षी चरांतले पाणी निघता निघेना. आधी खालची पाने पिवळी पडली, मग वेली जमिनीलगत काळ्या पडून मऊ झाल्या. आज एक वेल, उद्या दहा, आणि तीन आठवड्यांत सगळा मळा. हा फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या रोगजंतूचा प्रताप. आपल्याकडचे शेतकरी त्याला मर म्हणतात. बोर्डो मिश्रण जमिनीत ओतणे, ट्रायकोडर्मा घालणे, निचरा नीट ठेवणे हे उपाय आहेत. पण ते रोग येण्याआधी करायचे. वेल माना टाकू लागली की उशीर झालेला असतो. त्या जमिनीत लगेच पुन्हा वेल लावत नाहीत, म्हणून तिथे आता केळी आहे. ऐयांचा मुलगा तिरुचीला नोकरी करतो. त्याचे म्हणणे केळीच राहू द्यावी, रोज पहाटे उठून वेलीच्या मागे लागायचे हे वय नाही. यावर ऐया काही बोलले नाहीत. त्यांनी दुसऱ्या तुकड्यात हादगा पेरला आणि 'तै' महिन्यात, म्हणजे पोंगलनंतर, नव्या वेली लावल्या. मी गेले तेव्हा त्या महिनाभराच्या होत्या.

मोठा मळा पाहण्यात थाट आहे, पण शिकायचे असेल तर असा कोवळा मळा पाहावा. वेलीचे बेणे म्हणजे निरोगी जुन्या वेलीच्या शेंड्याकडचे तीन ते पाच पेऱ्यांचे तुकडे. दोन-तीन पेरी जमिनीत दाबायची आणि वरचा डोळा बाहेर ठेवायचा. पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. तेही पाट सोडून नव्हे. चरातले पाणी पसरट भांड्याने उचलून वाफ्यावर फवाऱ्यासारखे फेकायचे. माती ओली राहिली पाहिजे, पण तिचा चिखल होता कामा नये. तुकड्याला अजून मूळ नाही. पाणी कमी झाले तर तो सुकतो, जास्त झाले तर कुजतो. ऐया वाफ्यावरची चिमूटभर माती उचलून बोटांत दाबत होते. गोळी व्हावी आणि बोटाला पाणी लागू नये, इतकाच ओलावा त्यांना हवा असतो. मूळ धरले की पाणी हळूहळू कमी करत आठवड्यावर आणतात.

मग येते बांधणी. नवी फूट वीतभर झाली की तिला हादग्याच्या खोडाशी नेऊन केळीच्या सोपटाच्या धाग्याने बांधतात. पुढे दर १५-२० दिवसांनी, साधारण वीतभर अंतरावर, एकेक बंध. आपल्याकडे हेच काम लव्हाळ्याने करतात. ऐयांनी एक बंध बांधून दाखवला. वेलीभोवती सैल फास, खोडाभोवती किंचित घट्ट आणि गाठ झाडाच्या बाजूला. मी ओढून पाहायला हात पुढे केला तसा त्यांनी तो अलगद बाजूला सारला. वेलीच्या प्रत्येक पेऱ्याला बारीक मुळ्या फुटतात आणि त्या सालीला धरतात. ही पकड बसेपर्यंतच बंधाचे काम. तोवर सोपट आपोआप कुजून गळून पडते. नायलॉनची दोरी स्वस्त असते, कुजत नाही, पण वेल जाड झाली की तीच दोरी तिला कापते.

घरी परतल्यावर ओसरीच्या कठड्यावर आणखी एक कोवळा मळा दिसला. हा नातीचा. दहा-बारा छोट्या कुंड्या, प्रत्येकीत तिधारी हिरवा दांडा आणि त्यावर लाल, पिवळे, केशरी गोळे. शहरातल्या नर्सऱ्यांतून मिळणारे हे कलमी निवडुंग बहुतेक वाचकांनी पाहिले असतील, आणि बऱ्याच जणांच्या खिडकीत ते सहा महिन्यांत मेलेही असतील. वरचा रंगीत गोळा म्हणजे जिम्नोकॅलिशियम नावाच्या निवडुंगाचे हरितद्रव्य नसलेले रूप. जपानमध्ये १९४० च्या दशकात अशी रोपे पहिल्यांदा कलमावर जगवली गेली. हरितद्रव्य नाही म्हणजे स्वतःचे अन्न करता येत नाही, म्हणून त्याला हिरव्या दांड्यावर चढवतात. दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा असतो.

नातीने मला नवे कलम करून दाखवले. पाते स्पिरिटने पुसले. दांडा आडवा कापला, कडा थोड्या उतरत्या तासल्या. गोळा तळाशी कापला. दोन्ही कापांच्या मध्यभागी एक फिकट वर्तुळ दिसते, त्यातून रस वाहतो. ही दोन वर्तुळे एकमेकांवर निदान एका ठिकाणी तरी यायला हवीत, नाहीतर वरचा गोळा आहे त्या पाण्यावर काही दिवस तग धरतो आणि मग आक्रसतो. काप वाळायच्या आत गोळा बसवायचा, मधली हवा निघावी म्हणून किंचित फिरवायचा, आणि कुंडीखालून दोन रबरबँड फुलीसारखे घ्यायचे. ते इतपत ताणलेले असावेत की गोळा हलू नये, पण दबूही नये.

खरी परीक्षा पुढच्या दहा-पंधरा दिवसांत. कुंडी उजेडात ठेवायची, पण उन्हात नाही. पाणी द्यायचे ते कुंडीच्या कडेने. जोडावर थेंब पडता कामा नये, ओल्या कापात बुरशी लगेच शिरते. जोड लागला का म्हणून गोळा हलवून बघणाऱ्याचे कलम लागत नाही! आठ-दहा दिवसांनी एक रबर काढायचा, दोन दिवसांनी दुसरा. जोड काळा दिसला तर गोळा काढून, दोन्हीकडे ताजा काप घेऊन पुन्हा बसवायचा. महिन्याभराने कोवळे सकाळचे ऊन. दुपारचे ऊन गोळ्याला कधीच नको, कारण हरितद्रव्याअभावी तो लवकर करपतो. दांड्याला बाजूने फूट आली की ती लगेच खुडायची, नाहीतर सगळी ताकद तिकडे जाते. इतर निवडुंगांपेक्षा या दांड्याला पाणी थोडे अधिक लागते आणि थंडी सोसत नाही. मातीत निम्मी भरड वाळू आणि विटांचे तुकडे असावेत. मुंबई-कोकणच्या वाचकांनी पावसाळाभर कुंडी छपराखाली ठेवावी. एवढे करूनही हे जोडपे काही वर्षेच टिकते. दांडा थकला की गोळा उतरवून नव्या दांड्यावर चढवायचा.

ऐया हे सगळे सुपारी कातरत पाहत होते. म्हणाले, ''ज्याला स्वतःचा स्वयंपाक येत नाही, त्याचे लग्न लावून दिलेस!'' नात म्हणाली, ''तात्ता, तुमच्या वेलीला तरी स्वतःच्या पायावर कुठे उभे राहता येते?'' ऐया हसले. पण फरक त्यांनी लगेच सांगितला. वेल हादग्याचा रस घेत नाही. तिची मुळे वेगळी, त्याची वेगळी. त्याच्याकडून ती फक्त उंची आणि सावली घेते.

लावणीनंतर पहिली पाने खुडायला तीन ते सहा महिने जातात. तोवर मजुरी, पाणी, खत सगळे खिशातून. खुडणारे अंगठ्याला लोखंडी नखी लावून, देठाचा तुकडा ठेवून पान तोडतात. आपल्या पानमळ्यांतही नखी असतेच. वर्षभरात वेल तीन मीटर जाते आणि पाने लहान होऊ लागतात. मग मार्च-एप्रिलमध्ये ती हादग्यावरून सोडवून खाली आणतात, वेटोळे करून बुडाशी मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा वर बांधतात. वळलेल्या पेऱ्यांतून नवे फुटवे येतात. मराठीत याला 'उतरण' असा नेमका शब्द आहे. मी तो सांगितल्यावर नातीने वहीत टिपून घेतला.

मिरज तालुक्यातील आरग, बेडग, नरवाड या गावांत पानमळे आहेत आणि सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात पानवेलीवर काम झाले आहे, हे ऐकून ऐयांनी पहिला प्रश्न विचारला तो तिथे वेलीला आधार कशाचा देतात हा. शेवरीचा, शेवग्याचा, पांगाऱ्याचा, आणि हादग्याचाही, असे सांगितल्यावर त्यांना समाधान वाटले.

या पानाला गिऱ्हाईक किती दिवस राहील, हा प्रश्न मात्र मुलाचाच नाही. जेवणानंतर रोज विडा खाणारी पिढी सरते आहे, आणि ते एका अर्थी बरेच आहे. तंबाखूचे सोडाच, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. ऐयांनी स्वतः तंबाखू सोडली, सुपारी सुटत नाही. पण तामिळ घरात पानाशिवाय कार्य होत नाही. साखरपुड्याच्या तबकात पान, लग्नाहून परतताना पाहुण्यांच्या हातात 'तांबूलम'ची पिशवी, नवरात्रात बाहुल्यांचा 'गोलू' पाहायला आलेल्या सवाष्णींना हळद-कुंकवाबरोबर पान. आपल्या हळदीकुंकवाची आठवण यावी असेच सगळे. यातली बरीच पाने कोणी खात नाही, पण ती ताजी आणि डागाविना लागतात. ऐयांचा हिशोब याच पानांवर आहे.

कुंभकोणमला जायचे तर तिरुचिरापल्लीचे विमानतळ सुमारे ९० किलोमीटरवर आहे, आणि चेन्नईहून रेल्वेने सहा-सात तास लागतात. दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर चुकवू नये. २००४ साली ते जागतिक वारसा यादीत गेले. गर्दी नसते, दगडी रथाची चाके निवांत पाहता येतात. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर गणिती रामानुजन यांचे घर आहे, आता तिथे छोटे स्मारक आहे. महामहम तलावाकाठी दर बारा वर्षांनी मोठे पर्व भरते. १९९२ साली तिथे चेंगराचेंगरीत माणसे दगावली होती. मागचे पर्व २०१६ला झाले, पुढचे २०२८ला. तेव्हा जायचे असेल तर खोली फार आधी घ्यावी. मराठी माणसाला या गावात परके वाटत नाही. व्यंकोजीराजांच्या वंशाने १८५५पर्यंत तंजावरावर राज्य केले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले, जन्म कुंभकोणमचा, १८२८चा. मायिलादुतुराईच्या रस्त्याला गोविंदपुरम इथे विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे मंदिरही आहे.

निघताना ऐयांनी निवडून दोन बेणी कापली, ओल्या केळीच्या सोपटात गुंडाळली आणि नातीकडून सूचना वदवून घेतल्या. प्रवासात पाणी मारायचे नाही, सोपट ओले आहे तेवढे पुरे. घरी गेल्यावर मोठ्या कुंडीत शेणखत, माती आणि वाळू, तळाला खापऱ्या. दोन पेरी आत, डोळा वर. पूर्वेच्या खिडकीत, पण थेट उन्हात नको. आधाराला जिवंत झाड नसेल तर काथ्या गुंडाळलेली काठी, आणि बांधायला जुन्या सुती साडीची चिंधी, सैल. पहिली चार-पाच पाने मोठी झाली तरी सत्यनारायणाला तोडायची नाहीत. ''बाजारातून आणा,'' ऐया म्हणाले, ''कुंभकोणमची मिळाली तर पाहा.''